रत्नाची पडकई

वारूळवाडीत संपतच्या शेडमधे रत्ना फोनवर बसायची. शेड म्हणजे पुढं काउंटर, मागं गोडाऊन आणि मधे पत्र्याच्या आडोशाला तिची खुर्ची. संपत मोबाइल स्टार्टर बनवून विकायचा. शेतातल्या मोटरीला एक डबी बसवायची, डबीत सिमकार्ड टाकायचं, मग घरात कांबळ्यात बसून फोन लावला की तिकडं मोटर चालू. आमच्या भागात बिबट्याच्या भ्यानं अंधारात उसाकडं फिरकायची कुणाची टाप नाही, आणि शेतीची वीज नेमकी रातची. त्यामुळं संपतचा माल हातोहात खपायचा.

माल खपला की तक्रारी आल्या. त्या रत्नाच्या कानात यायच्या.

"हॅलो! ती तुमची डबी उकिरड्यात टाकू का काय करू?"

"टाका की काका. पर टाकायच्या आधी सांगा, दिवा लाल लागतोय का हिरवा?"

"लाल."

"मग एक फेज गेलाय तुमच्याकडं. डबीला शिव्या देऊ नगा, तिनं मोटर जळू दिली न्हाई."

"आसं व्हय? मग आधी न्हाई का सांगायचं, बाई?"

"आधी तुमी उकिरडा काढला न्हवं."

तिकडनं हसायचा आवाज यायचा. निरगुडसरपासनं पार ओझरपर्यंतचे शेतकरी तिला आवाजावरनं ओळखायचे. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. 'ती फेजवाली बाई हाय का?' म्हणून विचारायचे. ती असली तर तक्रार सांगायचे, दुसरं कुणी असलं तर फोन ठेवून परत लावायचे.

रत्ना मूळची डोंगरातली. डिंभ्याचं धरण मागं टाकून आहुप्याच्या वाटेनं वर गेलं की एक वाडी लागते, तिथली. बारावी शिकलेली. नवरा भोसरीला कंपनीत गेला आणि तिकडंच दुसरीचा झाला. रत्ना चार दिवस रडली, पाचव्या दिवशी नाचणी कांडायला बसली. पोर तेव्हा रांगत होती. पोरीचं कागदावरचं नाव आराध्या, पण सगळी वाडी तिला चिमी म्हणायची. पोर जरा मोठी झाल्यावर रत्नानं तिला आईबापाजवळ, झुंबरबाई आणि सावळेरामजवळ, ठेवलं आणि कामाला खाली आली. नारायणगावात चार बायकांत मिळून एक खोली होती. त्या खोलीत पोर आणायची सोय नव्हती. घरमालकीणच म्हणाली होती, 'लेकराबाळाची भानगड नको.'

चिमी आता सहा वर्षांची होणार होती. जूनमधे पहिलीत घालायची. वाडीतली शाळा दोन पोरांवर आलेली, ती बंद होणार असं मास्तरच सांगत होते. मग राहिली आश्रमशाळा. तिथं घातली की पोर दिवाळीला आणि उन्हाळ्यात दिसणार. रत्नाला ते नको होतं. तिला जूनच्या आत एक खोली पाहिजे होती, दार लावलं की आत ती आणि चिमी, एवढंच. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

वाडीत मोबाइलला रेंज नाही. एका टेकाडावर चढलं तर येते. झुंबरबाई सांजच्याला चिमीला घेऊन टेकाडावर जायची आणि रत्नाला फोन लावायची. नेमकी तीच वेळ मोटरी चालू करायची. दुकानाच्या दोन्ही लायनी ठणाणा करत असायच्या. रत्ना एका कानानं शेतकऱ्याला सांगायची, "काका, सिमचं रिचार्ज संपलंय," आणि मांडीवरचा स्वतःचा फोन अंगठ्यानं कट करायची. तिकडं रिंग वाजून कट झाली की चिमी म्हणायची, "आई हाय." मग दोघी टेकाड उतरायच्या. आठवड्यात एखाद्या वेळी बोलणं व्हायचं, बाकी दिवस एवढंच.

आता हे सगळं सोसून रत्ना एवढ्याशा पैशांत तिथं दोन वर्षं कशी राहिली, हे कुणालाही विचारावंसं वाटेल. ती भोळी नव्हती. तिचा हिशेबच वेगळा होता.

डोंगरात पडकई असते. सुगी उरकली की उन्हाळ्यात भाताची खाचरं करायची, बांध घालायचे, उतारावर दगड लावून माती धरायची. एकट्या घराच्यानं ते होत नाही. मग सगळी वाडी आज ह्याच्या शेतावर, उद्या त्याच्या. ज्याच्या शेतावर काम, त्यानं जेवण घालायचं. मजुरी कुणी देत नाही, कुणी मागत नाही. मागणं तर सोडाच, पैशाचा शब्द काढला तरी माणसं पहारी खाली ठेवून घरी जातील. तुम्ही माझ्या दारी आलात, मी तुमच्या दारी येणार. आजचं लगेच उद्या फिटलं पाहिजे असंही नाही. दोन उन्हाळे गेले तरी लोक लक्षात ठेवतात.

संपतनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "रत्ना, हितं मालक-नोकर काय न्हाई. घरचंच काम समज." दुपारी संपतची आई धोंडाबाई तिला घरात हाक मारून जेवायला वाढायची. बाजरीची भाकर, वांग्याचं भरीत, वर ताक. "खा गं लेकी, हाडं निघाल्यात तुजी," म्हणायची. महिना भरला की संपत पाकिटात थोडे पैसे घालून द्यायचा. ते इतके थोडे असायचे की रत्नाला त्यात पगार दिसलाच नाही. घरचं काम, घरचं जेवण, आणि वर एसटीला, साबणाला असू द्यावेत म्हणून दिलेला हातखर्च. ती म्हणाली, ही तर पडकईच झाली. मग ती रविवारी बसली. द्राक्षाच्या हंगामात सणाला बसली. संपतच्या पुतणीच्या लग्नात पापड लाटले. मनात म्हणायची, आज मी ह्यांच्या बांधावर हाय, उद्या ही माझ्या बांधावर येतील. गोडाऊनच्या मागं एक खोली रिकामीच पडलेली तिनं बघून ठेवली होती.

दुकानात आदेश नावाचा मेकॅनिक होता, गाडीवर फिरून डब्या बसवायचा. तो संक्रांतीला काम सोडून मंचरला एका बियाणं कंपनीत गेला. एकदा वाकडी वाट करून मुद्दाम भेटायला आला.

"रत्नाताई, आमच्या हाफिसात भिताडावर एक बोर्ड हाय. किमान वेतनाचा. कोनच्या कामाला कमीत कमी किती, समदं लिव्हलंय. सरकार दर सहा महिन्यांनी महागाई बघून त्यात भर घालतंय."

"मग?"

"मग काय मग! त्यातली पार खालची वळ, झाडू मारनाऱ्याची, तिच्यातबी तुझा पगार बसत न्हाई."

"माझा पगारच न्हाई तर बसंल कसा?"

"म्हन्जे?"

"मी पडकईवर हाय."

आदेश डोंगराखालचा, बागायतदाराचा पोरगा. त्यानं तिच्याकडं असं बघितलं, जशी ती उन्हानं भोवळ येऊन बोलतेय. "ताई, त्या संपतला पडकई म्हन्जे काय हे तरी ठाव हाय का?"

"माणसाला माणसाचं ठाव असतं," रत्ना म्हणाली आणि वाजलेला फोन उचलला.

गुढीपाडव्याला दुकानात पूजा झाली. संपत खुशीत होता. पेढा देऊन झाल्यावर रत्ना पदर सावरून पुढं झाली. धोंडाबाई तिथंच खुर्ची टाकून बसलेली.

"भाऊ, एक बोलायचं व्हतं."

"बोल की."

"आता तुमी माझ्याकडं यायचं."

संपत हसला. "कशाला गं? काय कार्य काढलंस का?"

"कार्य न्हाई. दोन वर्सं मी तुमच्याकडं आले. आता माझं आडलंय. पोरीला शाळंत घालायची. ती मागली खोली मला द्या. भितीला चुना मी मारीन."

संपतला कळेना. "खोली? अगं, ती मी कोल्ड स्टोरेजवाल्याला भाड्यानं द्यायचं बोललोय. आनि दोन वर्सं आलीस म्हन्जे काय? फुकाट आलीस का? पगार देतोय की दर महिन्याला."

रत्ना म्हणाली, "त्यो पगार व्हता व्हय?"

"मग काय व्हता?"

"मला वाटलं, वरखर्चाला देताय."

पूजेला आलेली दोन-चार माणसं हसली. संपतचा चेहरा आधी हसला, मग उतरला. चारचौघांत असं कुणी बोललं नव्हतं त्याला. रत्नानं मुद्दाम टोमणा मारला असं त्याला वाटलं. पण तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच आत्ता कळलं होतं. जेवण जेवणाच्या जागी होतं, लेक म्हणणं म्हणण्यापुरतं होतं, आणि पाकिटातलं ते पगार होतं. दोन वर्षं राबली तरी तिच्या बांधावर कुणी येणार नव्हतं.

"पगार आसंल भाऊ," ती म्हणाली, "तर मग पगारावानीच करू. कायद्यात काय बसतं ते द्या. आनि आठवड्याला एक सुट्टी."

"आता कायदा काढनार तू?" संपत म्हणाला. "कुनी शिकवलं? त्या आदेशनं?"

धोंडाबाईला लागलं. "रत्ना, माझ्या ताटाचाबी हिशेब करनार का गं तू?"

"तुमच्या ताटाचा न्हाई आई. ते माझ्याच्यानं जन्मात फिटनार न्हाई. फोनचा करायचाय."

चार दिवसांनी संपतनं एक कागद पुढं केला. त्यावर लिहिलं होतं की रत्ना मदतनीस म्हणून, ठरलेल्या पगारात, स्वतःच्या राजीखुशीनं काम करते. पगारात थोडी भरही घातली होती. माणूस दुष्ट नव्हता. सही झाली की भांडण मिटलं, असंच त्याला वाटत होतं. "हितं कर सही. झालं, मोकळं व्हऊ."

रत्नानं कागद घेतला नाही, सही केली नाही. मंचरला आदेशकडं जाऊन तिनं तो बोर्ड स्वतः उभ्यानं वाचला. तिथल्या हिशेबनिसानं नीट समजावून सांगितलं. सरकारनं ठरवलेल्या दराच्या खाली माणूस राजी असला, सही करून मोकळा झाला, तरी ती सही कायदा मानत नाही. शिवाय नाव मदतनीस ठेवलं म्हणून काम मदतनिसाचं होत नाही. जी बाई फोनवर बिघाड ओळखते, तक्रारी नोंदवते, तिची ओळ बोर्डावर वरची असते. ठरलेल्या तासांपेक्षा जास्त बसवलं तर त्या वेळेचे दाम दुप्पट. रत्नानं सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "तुमच्याकडं फोनवर बाई पाह्यजे का?"

पाहिजे होती. कांद्याचं बी उगवलं नाही, बटाट्याला करपा आला, असले फोन घ्यायला माणूस टिकत नव्हता. मुलाखतीला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ग्राहक खूप चिडून बोलायला लागला तर तुम्ही काय करता?"

"आधी त्याला बोलू देते. त्याचं रोप मेलेलं आसतंय. मधी बोललं की दुप्पट चिडतो. धाप लागली की मग इचारते, पानी कवा दिलं व्हतं."

"बरं. पण तुमची भाषा थोडी शुद्ध करावी लागेल."

"शुद्ध बोलता येतं मला. बोलून दाखवू?" आणि रत्नानं पाठ केलेलं बोलून दाखवलं, "नमस्कार, आपली काय मदत करू शकते?" मग म्हणाली, "पर मॅडम, असं बोललं की आमचा शेतकरी बँकेचा फोन समजून ठिवून देतो."

मॅडम हसल्या. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का? सहसा उमेदवार 'नाही मॅडम' म्हणतात. रत्ना म्हणाली, "नेमणुकीचं पत्र देता का? पगाराची पावती महिन्याला मिळंल का? पीएफ कापता का? कामाची वळ कंची, मदतनिसाची का वरची? आनि सुट्टी कंच्या वारी?"

मॅडमनी दाराशी उभ्या आदेशकडं बघितलं. आदेशनं छताकडं बघितलं.

सुट्टी बुधवारची मिळाली. बाकी सगळं जिथल्या तिथं. पगार काही डोळे फिरवणारा नव्हता, पण त्यात खोली बसत होती. मंचरातच साळुबाई म्हणून एकटी म्हातारी राहायची. तिनं पुढची खोली दिली आणि वर म्हणाली, "पोर आन. तू कामाला गेलीस की बसंल माझ्यापाशी. मला तरी कोन हाय बोलायला."

आदेश अजून म्हणतो, संपतकडनं दोन वर्षांचा फरक वसूल करायला पाहिजे होता, अर्ज केला असता तर मिळाला असता. बरोबरच म्हणतो. रत्नानं नाही केला. म्हणाली, "ते मी पडकई समजून केलं व्हतं. दिलेली पडकई मागं मागत न्हाईत." सोडताना ती धोंडाबाईच्या पाया पडायला गेली, तर म्हातारी आतनं बाहेर आलीच नाही. भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. रत्ना उंबऱ्याशी थोडी थांबली आणि चालू लागली. कित्येक दिवस दुपारच्याला तिला त्या ताकाची आठवण यायची. ते ताक खरं होतं का खोटं, हे तिचं तिलाच ठरवता आलं नाही.

मे महिन्यातल्या पहिल्या बुधवारी ती चिमीला आणायला वर गेली. नेमकी त्या दिवशी सावळेरामच्याच खाचरावर पडकई होती. वीस-पंचवीस माणसं उतारावर लागलेली. पहारी वाजत होत्या, बायका पाट्यांनी माती ओढत होत्या, पोरं धोंडे गोळा करत होती. चिमी त्यांच्यातच. तिनं वर बघितलं, आईला बघितलं आणि हातातला धोंडा आधी बांधावर नेऊन ठेवला, मग पळत आली.

"आली गं पगारवाली!" कुणीतरी ओरडलं. "खुर्ची आना, खुर्ची!"

रत्नानं पिशवी झाडाला अडकवली, पदर खोचला आणि पाटी उचलली. दोन वर्षं खुर्चीत बसून हात मऊ झाले होते. दुपारपर्यंत तळव्याला फोड आले. तिनं कुणाला दाखवले नाहीत. पण सगळ्यांनी बघितले.

जेवताना शेजारचा भागू बोलला. भागू रोखठोक माणूस. "रत्ने, राग मानू नगंस. तुझा बाप आता थकला. त्येच्यानं पहार उचलत न्हाई. आमी आज आलो, फुडल्या वर्सीबी येऊ. पर तुमच्या घरचं मानूस आमच्या बांधावर कोन येनार? तू तर चाललीस पोर घिऊन."

झुंबरबाई वाढता वाढता थांबली. सावळेरामनं मान खाली घातली. रत्ना म्हणाली, "भागूदा, माझ्या वाटचा एक मजूर लावते की. त्येचा रोज मी दीन."

बोलून गेली आणि तिलाच कळलं काय बोलली ते. भागूनं हातातला भाताचा घास ताटात ठेवला. "पैशे नगं दावू, रत्ने. पैशाचं आसतं तर आमी कशाला आलो आसतो? तुझा बाप देनार व्हता का रोज?"

"चुकलं," रत्ना म्हणाली.

"मग सांग."

रत्नानं विचार केला. आठवड्यात तिचा स्वतःचा असा एकच दिवस होता. तो दिवस तिनं भांडून मिळवला होता. त्या दिवशी चिमीला जवळ घेऊन झोपायचं, साळुबाईच्या आडावर कपडे धुवायचे, पोरीला बाजारात हिंडवायचं, असं तिनं मनात सतरांदा मांडलं होतं.

"बुधवारी यीन," ती म्हणाली.

"दर बुधवारी?"

"पाऊस लागंपतूर दर बुधवारी. पैल्या एष्टीनं पोरीला घिऊन यीन, शेवटच्या एष्टीनं जाईन. तुझ्या बांधापासनं लावा."

भागूनं घास उचलला. "मग जमलं," म्हणाला. "फोड सुई लावून फोडू नगंस, तेल लाव."

सांजच्याला एसटी वाडीच्या फाट्याला आली. झुंबरबाईनं नाचणीच्या पिठाची पुरचुंडी दिली, चिमीच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि लगेच पाठ फिरवून चालायला लागली. सावळेराम गाडी सुटेपर्यंत ड्रायव्हरशी उगीच डिझेलच्या भावाचं बोलत राहिला. चिमी खिडकीशी बसली. धरणाचं पाणी मागं जाईपर्यंत ती मान वळवून बघत होती, मग रत्नाच्या मांडीवर झोपली. पोरगी जड झाली होती. रत्नाला तिचं वजन ठाऊकच नव्हतं. पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी तिनं तो हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी रत्ना कामावर गेली. कानाला हेडफोन लावला, फोडांच्या हातानं माऊस धरला. सकाळभर कांद्याचं बी, कांद्याचं बी. दुपारची अर्धा तास सुट्टी झाली तशी ती जवळजवळ पळतच खोलीवर आली. चिमी साळुबाईच्या ओसरीवर, भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासनं तिनं काही मागितलं नव्हतं, रडलीही नव्हती, असं साळुबाई म्हणाली.

रत्नानं नाचणीची भाकर थापली. दोघी एका ताटात बसल्या. दार लावलेलं होतं, आत त्या दोघीच. रत्नानं घास भरवला. चिमीनं तो तोंडात धरला, हळूहळू चावला, खोलीच्या चारी भिंती बघून घेतल्या.

"आई, बुधवार कवा हाय?"

"आज गुरुवार," रत्ना म्हणाली आणि दुसरा घास मोडला.